व्हिलेजच्या फाटकावर जमा केलेले डबे

नवनाथ नावाच्या सुरक्षारक्षकाला गेल्या रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, ड्यूटी संपायला अवकाश असताना, ‘उद्यापासून येऊ नकोस’ असं सांगण्यात आलं. त्याचा अपराध असा, की त्याच दुपारी त्याने सुलभा केंजळे, राहणार बिबवेवाडी, यांना त्यांचाच दशम्यांचा डबा परत दिला. त्या वेळी सुलभाकाकूंनी इन्सुलिन घेतलेलं होतं आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. ज्याची वस्तू त्याला दिली म्हणून नोकरी गेल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. नवनाथचं आडनाव इथे देत नाही. त्याच्या गावात त्या आडनावाची अर्धी घरं आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांशी त्यांचं पटत नाही, तेव्हा छापू नका असं त्यानेच सांगितलंय.

खरं तर याचं पत्रक व्हायचं होतं. पत्रक मला लिहिता येतं. फुटपाथ, तोडलेली झाडं, कुलूप लावलेली सार्वजनिक स्वच्छतागृहं या विषयांवरची माझी पत्रकं बिबवेवाडीतल्या कितीतरी लोकांनी हातात घेतली आहेत आणि त्यांत भजी गुंडाळलेलीही मी पाहिली आहेत. पण काकू म्हणाल्या, “पत्रक कोणी वाचत नाही. सहलीचं वर्णन लोक वाचतात, त्यात काय खाल्लं ते असतं.” म्हणून हे सहलीचं वर्णन. काय खाल्लं ते यात आहे. कुठे खाल्लं, यावरूनच सगळं झालं.

बिबवेवाडी

आमच्या इमारतीतल्या महिला मंडळाची वर्षातून एक सहल निघते. आजवर सहलीला एखादं धरण, बाग किंवा देऊळ लागायचं. यंदा एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर एक रंगीत जाहिरात येऊन पडली. शहराच्या गोंगाटापासून दूर, मोकळं आकाश, मऊ हिरवळ, कारंजी, सबंध दिवसाची सहल. चित्रात एक गोरंगोमटं कुटुंब हिरवळीवर चौकड्यांची चादर पसरून बसलेलं, मध्ये वेताची टोपली. खाली, औषधाच्या बाटलीवर असतात तेवढ्या अक्षरांत लिहिलेलं, की हे मोठमोठ्या ब्रँडांचं उघड्यावरचं आउटलेट आहे. म्हणजे मागच्या हंगामात जे कोणी घेतलं नाही ते या हंगामात सवलतीत घ्यायला जायचं ठिकाण.

मी ते मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं.

“मग काय झालं?” सुलभाकाकू म्हणाल्या. “दुकानं जेवण झाल्यावर बघू. आधी हिरवळ.”

“काकू, तिथे डबे नेऊ देतील असं मला वाटत नाही.”

“का? त्या टोपलीत काय फुलं आहेत?”

हे पटण्यासारखं होतं. चित्रात टोपली दाखवली आहे त्या अर्थी टोपली चालते. हिरवळ दिसली की सतरंजी पसरायची, सतरंजी पसरली की डबे मध्ये ठेवून अंगतपंगत करायची, याला आपल्याकडे कोणी परवानगी मागितल्याचं ऐकलेलं नाही. हाताने शिजवलेलं न्यायचं, आपलं दुसऱ्याला वाढायचं आणि दुसऱ्याचं चाखून “मीठ जरा कमीच घालता तुम्ही” असं म्हणायचं, यालाच आमच्यात सहल म्हणतात. बाकी धरण वगैरे निमित्त.

मला सहलप्रमुख केलं गेलं. माझ्याकडे मोर्चासाठी घेतलेली शिट्टी आणि भोंगा आहे आणि मला ओरडायची सवय आहे, एवढी पात्रता पुरली. कोणी काय आणायचं ते वाटून झालं. काकूंकडे दशम्या आणि लसणाची चटणी. काकू म्हणजे आमच्या इमारतीचं स्वयंपाकघर. कोणाचं डोहाळजेवण असो की कोणाच्या दहावीचा निकाल, लाडू काकूंच्या हातचे. शेजारच्या शाहीनआपांकडे समोसे. आपांचं घराणं आजोबांच्याही आधीपासून पुण्यातलं, रविवार पेठेत त्यांचं कुलपं आणि बॅगांच्या चेनचं दुकान आहे. त्यांनी खिम्याचे समोसे एका डब्यात आणि बटाट्याचे दुसऱ्यात भरले, एकाला लाल दोरा बांधला, दुसऱ्याला हिरवा. “पाकिटावर सरकार ठिपका लावतं,” म्हणाल्या, “आमचा दोरा.”

डबे सगळे स्टीलचे आणि सगळ्यांवर नावं कोरलेली. पुढे हीच नावं उपयोगी पडणार होती.

विश्रांतवाडीच्या पुढे

बिबवेवाडी ते विश्रांतवाडी या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आम्ही ते दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून बराच वेळ पाहत होतो.

विश्रांतवाडी मागे पडल्यावर ड्रायव्हर म्हणाला, “आता पोचलोच.” काकू माझ्या शेजारी होत्या. त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाल्या, “पदर असा आडवा धर जरा.” मी धरला. त्यांनी पर्समधून पेनसारखं काहीतरी काढलं, पोटावर टेकवलं, दाबलं आणि परत ठेवून दिलं. सगळं इतक्या सफाईने, की मागच्या सीटवरची अंताक्षरी थांबली नाही.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“बरेच दिवस. तोंड बंद ठेव. इमारतीत कळलं तर उद्या सकाळी सात घरांतून कारल्याचा रस येईल. आणि माझ्या हातचा लाडू खाताना प्रत्येक जण माझ्याकडे कीव करून बघेल. अर्ध्या तासात जेवायचं, बस, एवढंच पथ्य.”

मी शब्द दिला. पोचलोच होतो, अर्ध्या तासात काय होणार होतं?

फाटक

फाटकाला दगडी कमान आहे. मी बोटाने वाजवून पाहिली, दगड पोकळ आहे. कमानीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत जे नाव आहे त्यातला शेवटचा शब्द ‘व्हिलेज’. आधीचे शब्द मी देत नाही, त्यांचे वकील माझ्यापेक्षा बरं इंग्रजी लिहितात. आपण नुसतं व्हिलेज म्हणू. ज्यांना गाव बघायचंय त्यांच्यासाठी सांगते, ते याच भिंतीच्या पलीकडे आहे. महापालिकेत आलंय, म्हणजे तिथे कर पोचलाय. पाणी अजून टँकरने येतं. व्हिलेजच्या कारंज्याला मात्र नळ आहे.

कमानीखाली यंत्राची चौकट, चौकटीपुढे रांग, रांगेच्या तोंडाशी टेबल. रांग लग्नाच्या जेवणाच्या रांगेसारखी, पुढे सरकतेय असं फक्त मागच्यांना वाटतं. काकूंचा अर्धा तास तिथेच सरला. टेबलामागे दोन माणसं. एक माझ्याच वयाचा, निळ्या शर्टातला, तो नवनाथ. दुसरा ब्लेझर घातलेला, तो त्याचा सुपरवायझर.

नवनाथने काकूंचा डबा हातात घेतला. “काय हाय ह्यात?”

“दशम्या.”

“आनि ह्यात?”

“त्यातही दशम्याच. त्या तिखटाच्या आहेत.”

त्याने ब्लेझरकडे पाहिलं. ब्लेझर म्हणाला, “आउटसाइड फूड नॉट अलाउड.”

“अहो, बाहेरचं नाही हे, घरचं आहे,” शाहीनआपा म्हणाल्या. “बाहेरचं तर आम्हीच खाऊ देत नाही पोरांना.”

“मॅम, पॉलिसी आहे.”

“कोणाची?” मी पुढे झाले.

“मॅनेजमेंटची.”

“ती कुठे असते?”

“मुंबईला.”

“मग डबे मुंबईला पाठवणार का?”

तो हसला नाही. भर दुपारी ब्लेझर घालावा लागणाऱ्या माणसाकडून मी तशी अपेक्षाही ठेवायला नको होती. “डबे इथे जमा करा,” तो म्हणाला. “टोकन मिळेल. बाहेर पडताना टोकन दाखवून परत.”

एकेक डबा टेबलावर चढला. प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी चिकटवली गेली. लाल दोरा, हिरवा दोरा, दहीभात, कोशिंबीर. मग पर्स उघडायला लावल्या. गोळीबार करायचं एखादं हत्यार सापडेल अशा नजरेने पाहिलं आणि काकूंच्या पर्समधून शेंगदाण्याची चिक्की जप्त केली. काकूंनी तोंड उघडलं. मग मागे उभ्या असलेल्या सगळ्या मंडळाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मी भोंगा काढायला हात घातला. ब्लेझरने भोंगाही जमा करून घेतला. त्याला वेगळं टोकन.

व्हिलेज

आत युरोप आहे. म्हणजे मी युरोप पाहिलेला नाही, पण ज्याने बांधलं त्यानेही पाहिला नसावा. गोल दगडांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना गुलाबी-पिवळ्या दर्शनी भिंती, वरच्या मजल्यावर खिडक्या. खिडक्या रंगवलेल्या आहेत. मध्ये घड्याळाचा मनोरा, त्यात तीन वाजलेले; दिवसभर तेवढेच होते. एका कोपऱ्यात बैलगाडी, बैल नाहीत, पण तिच्यात बसून फोटो काढायला रांग होती. भिंतीपलीकडच्या गावात बैलगाडी असेल तर तिच्यापुढे कोणी रांग लावत नसेल.

दुकानांबाहेर लाल अक्षरांत ‘सत्तर टक्के सूट’ आणि मध्येच मुंगीच्या अक्षरांत ‘पर्यंत’. तुळशीबागेतही थाप मारतात, पण तिथे ती डोळ्याला डोळा भिडवून मारतात, आपल्यालाही उलटी मारायची संधी असते.

“आपण आधी खाऊन घेऊ का काहीतरी?” काकू म्हणाल्या. सहज म्हणाव्यात तशा. कपाळावर घाम होता, पण घाम सगळ्यांच्याच कपाळावर होता.

खाण्याच्या जागी गेलो. तिथे पैसे चालत नाहीत. म्हणजे चालतात, पण आधी एका खिडकीवर कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे, मग दुसऱ्या खिडकीवर ते कार्ड दाखवून पदार्थ सांगायचा, मग पडद्यावर नंबर झळकायची वाट पाहायची. आमच्या इकडच्या खानावळीत मालक दारातूनच विचारतो, “किती पानं?” आणि पाणी ठेवतो. इथे कार्डाच्या खिडकीपुढची रांग मिकी माऊसच्या पुतळ्याला वळसा घालून कारंज्यापर्यंत गेली होती.

मी रांगेत उभी राहिले आणि काकूंना बसायला जागा पाहिली. बाकं सगळी एकेका हॉटेलची होती, ‘फक्त ग्राहकांसाठी’ अशी पाटी लावलेली. पुण्यात पाट्यांची सवय असते, पण पुणेरी पाटी निदान अपमान तरी मनापासून करते.

“हिरवळीवर बसते,” काकू म्हणाल्या.

हिरवळ

हिरवळ प्लॅस्टिकची आहे. उन्हाने तापलेली. आमच्या मंडळाने तरी सतरंजी पसरली आणि बायका रिकाम्या हातांनी गोल करून बसल्या, कारण बसायचं कसं ते पायांना माहीत होतं. मध्ये जिथे डबे असायला हवे होते तिथे कोणीतरी पर्सचा ढीग केला.

मी रांगेतून मागे पाहिलं तेव्हा काकू पर्सच्या ढिगाकडे टक लावून बसल्या होत्या. मी जवळ गेले. त्यांचा हात धरला, तो गार होता. “काकू?”

“अगं, तो घड्याळाचा मनोरा... त्याचं काय...” त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच राहिलं. काकूंची वाक्यं कधी राहत नाहीत.

“उन्हाने झालं,” एक जण म्हणाली. “पाणी द्या. कांदा हुंगवा.”

“आपा, काहीतरी गोड आणा. साखर, सरबत, काहीही, पण आत्ता,” मी शाहीनआपांना म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, का ते विचारलं नाही आणि चालू लागल्या. मी फाटकाकडे पळाले.

ब्लेझर जागेवर नव्हता. नवनाथ होता. मी टोकन टेबलावर आपटलं. “माझ्या काकूंचा डबा द्या. त्यांनी साखरेचं इंजेक्शन घेतलंय, जेवल्या नाहीत, बोलता येईनासं झालंय.”

दोन-तीन शब्दांतच त्याला समजलं असावं. तो टेबलामागच्या मांडणीकडे वळलासुद्धा. पण उन्हाने चिठ्ठ्यांचा गोंद सुटला होता आणि नंबर सगळे खाली पडले होते. डब्यांचा डोंगर आणि खाली कागदांचा पाचोळा. तो डबे उचलून कोरलेली नावं वाचू लागला.

“‘लीलाबाई यांजकडून सप्रेम भेट’. न्हाय. ‘कै. दत्तात्रय यांच्या स्मरणार्थ’. न्हाय. काय नाव म्हन्ला?”

“केंजळे. सुलभा केंजळे.”

“हा ‘केंजळे, रौप्यमहोत्सव’ हाय, ह्यो?”

“तोच.”

मी हात पुढे केला. त्याने डबा दिला नाही, स्वतःच घेऊन पळत सुटला. “तुमास्नी आतल्या दाराला पुन्यांदा अडवतील,” पळता पळता म्हणाला. “मला कोन न्हाय अडवत.”

आम्ही पोचलो तेव्हा शाहीनआपा कॉफीवाल्याच्या काउंटरवरून साखरेच्या पुड्यांची मूठ भरून परत येत होत्या. मागून एक पोरगा हाका मारत होता, “मॅम, शुगर ओन्ली विथ ऑर्डर.” “ऑर्डरच आहे, माझी,” आपा न वळता म्हणाल्या. त्यांनी पुडी फाडून काकूंच्या तोंडात रिकामी केली. नवनाथने डबा उघडला. वरच्या कप्प्यात गूळ होता. तो त्याने मोडून काकूंच्या हातावर ठेवला आणि त्यांच्या समोर उकिडवा बसून राहिला. आपल्या आईला भरवताना लक्ष ठेवतात तसा. “चावा, मावशी. हां. अजून.”

थोड्या वेळाने काकूंनी मान वर केली. “मनोरा बंद आहे,” त्या म्हणाल्या. “तेच सांगत होते मघाशी.” मग दशमी घेतली.

ब्लेझर तेव्हा आला.

“मॅम, इथे फूड कन्झ्यूम करता येत नाही.”

काकूंनी हाताने थांबण्याची खूण केली, घास गिळला. “बसा. दशमी घ्या.”

“मी ड्यूटीवर आहे.”

“मग उभ्याने घ्या.”

त्याने घेतली नाही. इकडे तिकडे पाहिलं. “हा डबा कोणी दिला?”

“म्या दिला,” नवनाथ म्हणाला. “टोकन घिऊन दिला.” आणि टोकन दाखवलं.

“डबे एक्झिटला द्यायचे असतात.”

“मावशी एक्झिटच्याच बेतात हुत्या,” नवनाथ म्हणाला.

पहिल्या हसल्या त्या काकू. मग सगळ्या. ब्लेझर खिशातून फोन काढत निघून गेला. मला वाटलं, प्रकरण मिटलं. माणूस फोन काढून लांब जातो तेव्हा प्रकरण मिटत नाही, सुरू होतं. हे मला माहीत असायला हवं होतं, मी हेच काम करते. पण काकूंच्या तोंडावर रंग येत होता आणि मी तिकडे पाहत होते.

दुपार

बाकीच्यांनी कार्डं मिळवून चीज घातलेले पावाचे तुकडे खाल्ले. चव सांगण्यासारखी नाही, चीज गार झाल्यावर ते कागदासकट उचललं जात होतं. मग दुकानं पाहिली. शाहीनआपांनी एका दुकानात हँडबॅगची चेन पुढेमागे करून पाहिली आणि भाव करायला घेतला.

“मॅम, फिक्स्ड प्राइस,” विक्रेती म्हणाली.

“बेटा, ही बॅग गेल्या वर्षी कोणी घेतली नाही म्हणून इथे आली ना? मग हिनेही जरा नमतं घ्यायला हवं.”

विक्रेती हसली, भाव हसला नाही. मंडळात मिळून जी खरेदी झाली ती अशी: एक पिवळी टोपी आणि एकाच मापाचे वाटून नंतर दोन मापांचे निघालेले बूट. काकू आपांच्या खांद्याला धरून सगळीकडे हिंडल्या. त्यांना नेमकं काय झालं होतं हे कोणी विचारलं नाही. ‘ऊन बाधलं’ यावर सगळ्यांनी एकमताने ठराव केला होता.

भिंतीच्या बाहेर

निघताना फाटकावर निळ्या शर्टात दुसराच माणूस होता. डबे परत मिळाले. दहीभात आंबला होता, भोंगा ठीक होता. ड्रायव्हर बस आणायला गेला, तोवर आम्ही रस्त्यापलीकडच्या बसथांब्याच्या कट्ट्यावर डबे उघडले. वर पत्र्याची सावली, समोर व्हिलेजची भिंत, पायाखाली खरं गवत. सकाळपासून पहिल्यांदा मंडळ जेवायला बसलं.

थांब्याच्या टोकाला नवनाथ उभा होता. अंगात घरचा टी-शर्ट.

“शर्ट कुठे?” काकूंनी विचारलं.

“कंपनीचा हुता. जमा केला.”

“म्हणजे?”

“उद्यापास्नं नको म्हन्ले.” आवाजात काही नव्हतं, हवामान सांगावं तसं. “जाऊ द्या मावशी. तुमी बऱ्या हाय का आता?”

शाहीनआपांनी लाल दोऱ्याचा डबा त्याच्यापुढे धरला. “खिमा चालतो?”

“चालतो.” त्याने समोसा घेतला. “हितं आमच्या चुलत्यांची जमीन हुती. त्यांना फ्लॅट मिळाले. आमच्या वाट्याला ही नोकरी आलती. डबा आमास्नीबी आत न्यायला बंदी, आमी जनरेटरमागं खायचो.” मग म्हणाला, “धाकट्या भनीची कॉलेजची फी आत्ताच भरली. नोकरी नुस्ती गेली असती तर चाललं असतं. ते म्हन्ले, दुसऱ्या जागंला पन लावनार न्हाय, रिमार्क पडलाय.”

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडे वळल्या. “तुझं ते पत्रक लिही.”

“काय लिहू? ‘डबा परत दिला म्हणून काढलं’ एवढंच लिहिलं तर लोक म्हणतील, ओळखीच्या बाईला सवलत दिली, नियम मोडला, बरं झालं. त्याने का दिला ते लिहावं लागेल.”

समोर व्हिलेजचे दिवे लागत होते. शाहीनआपा काकूंकडे पाहत होत्या, आणि मला वाटतं, आपांना दुपारपासूनच कळलं होतं.

मग काकू मंडळाची सूचना सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, “बायांनो, इकडे ऐका. मला मधुमेह आहे. इन्सुलिन घेते. आज ऊन बाधलं नव्हतं. या मुलाने गूळ भरवला नसता तर तुम्ही मला बसमध्ये आडवी घालून नेली असती. कारल्याचा रस कोणी आणला तर दार उघडणार नाही.”

कोणाचा तरी चमचा डब्यात वाजला.

“मेथीदाणे तरी...” एक जण म्हणाली.

“नाही.”

मग मला म्हणाल्या, “आता लिही. नावासकट. माझं नाव पुढे असू दे.”

एवढे दिवस जे त्यांनी इमारतीच्या एकाही दाराआड कळू दिलं नाही, ते त्या बसथांब्यावर बोलून मोकळ्या झाल्या. नवनाथ समोसा हातात धरून जमिनीकडे पाहत होता. बस आली.

बिबवेवाडी, परत

सोमवारी मी व्हिलेजला फोन केला. एक गोड आवाज म्हणाला, सुरक्षारक्षक आमचे नसतात, एजन्सीचे असतात. एजन्सीला फोन केला. तिथला खरखरीत आवाज म्हणाला, आम्ही कोणाला काढत नाही, क्लायंटने नको म्हटलं की आम्ही पाठवत नाही. परत व्हिलेजला केला. गोड आवाज म्हणाला, आम्ही कोणाला नको म्हटलेलं नाही, फक्त फीडबॅक दिला. म्हणजे नवनाथला कोणीच काढलेलं नाही. तो कामावर नाही, एवढंच. मी विचारलं, तुमच्या नियमात आजारी माणसाच्या अन्नाबद्दल काय लिहिलंय? ते म्हणाले, फूड कोर्ट आहे ना.

काकूंनी स्वतः पत्र लिहून दिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. त्याचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि पुढच्या भेटीसाठी सवलतीचं कूपन.

तर आम्ही ती पुढची भेट देणार आहोत.

आता तुम्ही काय करायचं ते ऐका. तुम्ही वाचून हळहळाल, “कठीण आहे” म्हणाल आणि पान उलटाल, तर तुमच्यात आणि त्या गोड आवाजात मला काही फरक दिसणार नाही. येत्या रविवारी दुपारी, जेवायच्या वेळेला, व्हिलेजच्या फाटकावर या. घोषणा नकोत, झेंडा नको, काही खरेदी करू नका. घरचा डबा घेऊन या, भरलेला, नाव कोरलेला असेल तर उत्तम. रांगेत उभे राहा. ते जमा करायला सांगतील, तेव्हा वाद न घालता टेबलावर ठेवा आणि टोकन घ्या. टेबल लहान आहे, लवकर भरेल. मग आत जाऊ नका. तिथेच उभे राहा, टोकन पुढे करा आणि सांगा, की माझा डबा मला परत हवा आहे आणि तो मी फक्त नवनाथच्या हातून घेईन.